जाळ्याच्या रंगाचं बनियन

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या खारघरच्या सोसायटीची मीटिंग चालू होती. विषय एकच, इमारतीला रंग कुठला द्यायचा. क्रीम की राखाडी, यावर तासभर घालवून झाला होता. सेक्रेटरी रंगांचं कार्ड हातात घेऊन घसा कोरडा करत होते आणि मी मनात म्हणत होतो, वनिताला बोलवायला पाहिजे, ती दोन मिनिटांत सगळ्यांना गप्प करेल. तेवढ्यात फोन वाजला. तिची मुलगी, श्रुती. "काका, मम्मी गेली... सकाळी." मी उठून जिन्यात आलो. आजारी होती हे माहीत होतं, पण वनिताच्या बाबतीत आजारालाच काळजी वाटावी, असं मला वाटत आलं होतं. आत कुणीतरी म्हणत होतं, "राखाडी नको हो, सुतकी दिसतो." मी परत आत गेलो नाही.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. नेरूळच्या सारसोळे गावात तिचं जर्सी शिवायचं दुकान होतं. कबड्डीचे संघ, टेनिस बॉल क्रिकेटवाले, शाळांचे फुटबॉलवाले, सगळे तिच्याकडे यायचे. ते सगळे तिला 'जर्सीवाल्या मावशी' म्हणून ओळखतात. मी तिला त्याच्या आधीपासून ओळखत होतो, नव्वदच्या दशकात आम्ही एकाच कॉलेजात बी.कॉम.ला होतो तेव्हापासून. आणि तिचं माझ्याकडे एक काम अडलं होतं. खरं तर माझंच तिच्याकडे अडलं होतं, पण ते ओघाने सांगतो.

पहिल्यांदा ती माझ्या लक्षात राहिली ती एका लेक्चरला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने नाकाला रुमाल लावून मोठ्याने विचारलं, "कसला वास येतोय गं?" वर्गात खसखस पिकली. तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला, हजेरीला करतात तसा. "माझा. सकाली आईसंगती मासलीची पाटी उतरवली नि तशीच आले. उद्यापासून आंघोल करून यीन, पन पाटी उतरवायची सोडनार नाय." सर हसले, वर्ग हसला, आणि ती स्वतःही हसली. मी मात्र हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात कुणीतरी मला विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणालो होतो, "वाशीच्या मार्केटमध्ये आहेत." समोरच्याने स्वतःच ठरवून टाकलं, म्हणजे व्यापारी. मी दुरुस्ती केली नाही. माझे वडील कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. साताऱ्याकडून आलेले, खांद्यावरून पाठीवर गोण घेणारे. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत कांद्याचा वास भिंतींना लागलेला होता, आणि मी कॉलेजला निघताना शर्टाला पावडर लावायचो.

आमच्या कॉलेजला फुटबॉलचा संघ होता आणि त्या संघाला आम्ही पंधरा-वीस जण होतो. आम्ही खेळाडू नव्हे. आम्ही नुसते बघे. पण बघे म्हणून आमचा तोरा असा की कॅप्टन जोसेफलासुद्धा आमच्या कट्ट्यावर येऊन सल्ला ऐकावा लागे. संघ कसा खेळतो यावर आमचं फारसं म्हणणं नसे. आमचं म्हणणं जर्सीवर. आडवे पट्टे की उभे, कॉलर की गोल गळा, पिवळा की हिरवा... माझ्याकडे शंभर पानी वही होती, तिच्यात स्केचपेनने काढलेल्या बत्तीस जर्सी होत्या. त्यातच वाशीच्या एका मित्राच्या घरी केबल आली. तिच्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल दाखवायचे. त्याला फुटबॉल म्हणतात आणि बॉल काखेत घेऊन पळतात, हे पहिल्या दिवशी कुणाला पटेना. पण त्यांची हेल्मेटं! कुणाच्या हेल्मेटवर शिंगं, कुणाच्या गरुड, आणि हजारो माणसं त्याच रंगात रंगलेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वहीत हेल्मेटं आली. आपल्या फुटबॉलमध्ये हेल्मेट चालत नाही, हे आम्हाला कळत होतं, पण म्हणून वाद थोडाच थांबतो? मी आमच्या हेल्मेटवर मासा काढला होता, खाडीकाठचं कॉलेज म्हणून. वनिता एके दिवशी कट्ट्यापाशी थांबली, वही बघितली आणि म्हणाली, "डोकं वाचवायला हेल्मेट घालतात ना? मंग तुमाला काय करायचंय?" त्या दिवसापासून ती कट्ट्यावरची झाली. कट्ट्यावर येणारी ती एकटीच मुलगी, आणि वादात शेवटचा शब्द बहुतेक तिचाच.

त्या वर्षी वाद चेष्टेचा राहिला नव्हता. आदल्या वर्षी आंतरकॉलेज सामन्यात आमची जर्सी आकाशी आणि समोरच्यांचीही आकाशी निघाली. रेफरीने नाणं उडवलं, आम्ही हरलो, म्हणजे जर्सी आम्ही बदलायची. दुसरा संच होता कुठे? शेवटी पोरांनी जर्सी काढल्या आणि आतल्या पांढऱ्या बनियनवर खेळली, पाठीवर खडूने नंबर लिहून. खडू घामाने गेला. समोरच्या कॉलेजचे बघे शेवटपर्यंत ओरडत होते, "बनियन कॉलेज! बनियन कॉलेज!" ते नाव आम्हाला चिकटलं. वाशीच्या बसस्टॉपवर, ट्युशनला, कुठेही. आणि या वर्षी पहिला सामना पुन्हा त्याच कॉलेजशी लागला. कॉलेजच्या ऑफिसने जर्सी मागवल्या त्या फाइलीतला जुना कागद बघून, त्यामुळे रंग आला पुन्हा आकाशी. सामना बुधवारी, आणि कट्ट्याला हे शनिवारी कळलं. सगळ्यांचे चेहरे पडले. मी वही उघडून म्हणालो, पिवळ्या जर्सी कुठे तयार मिळतील का ते बघू. वनिताने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली.

"बनियन म्हनतात ना? मंग बनियनच घालू. पन आपल्या रंगाचं."

तिचे वडील धर्मानाना सारसोळ्याचे जुने मासेमार. नायलॉनची जाळी यायच्या आधी सुती जाळी असत, आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाची साल पाण्यात उकळून त्या काढ्यात बुडवत. काढ्याचा रंग काताचा, पानात कात जास्त पडला की ओठ होतात तसा. नानांच्या घरामागे त्या कामाचं तांब्याचं पातेलं होतं, आमच्याकडे गुऱ्हाळावर काहील असते तेवढं. कैक वर्षं ते पालथं पडलं होतं आणि त्याखाली कोंबड्या राहत होत्या. रविवारी सकाळी आम्ही अकरा बनियनं पिशवीत घालून तिथे गेलो. नानांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. "जाल्याचा रंग मानसाच्या अंगाव? येडी झालीस का गो?" वनिता म्हणाली, "नायलॉन आल्यापासून तुमच्या रंगाला कोन इचारतंय? पोरं मागायला आली तर तुमी नाय म्हनता." बाप-लेकीची अशी जुंपली की आम्ही अंगणात उभे राहून कोंबड्या मोजू लागलो. शेवटी नानांनी अट घातली. या पातेल्यात पहिली बुडी जाळ्याचीच पडली पाहिजे, बापजाद्यांपासून तसंच चालत आलंय, जाळं नसेल तर चूल पेटणार नाही.

आता जाळं कुठून आणायचं? आणि मग वनितालाच सुचलं. आमच्या कॉलेजच्या मैदानावर गोलपोस्टला जाळी नव्हती. नुसते तीन खांब. गोल झाला की बॉल आणायला एक जण नाल्यापर्यंत पळायचा. "नाना, तुमचं माल्यावरचं सुती जालं द्या. आमी गोलाला बांधू." नाना विचारात पडले. म्हणाले, "मासा केवढा?" जोसेफने बॉल पुढे केला. नानांनी जाळ्याचं छिद्र मोजतात तशी बॉलवर चार बोटं फिरवली, बॉल उलटसुलट केला, दाबून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्या जाल्यातून हा जानार नाय." चूल पेटली.

दुपारपर्यंत जाळं आणि बनियनं बांबूवर वाळत टाकून झाली. धूर, सालीचा कडवट वास, खाडीच्या पाण्यात एकेक बुडी, कारण नानांच्या मते खाऱ्या पाण्याशिवाय रंग बसत नाही. दहा बनियनं जाळ्यासारखीच लालसर तपकिरी झाली होती, दिमाखदार. अकरावं, म्हणजे कॅप्टनचं, फिकट गुलाबी राहिलं होतं. जोसेफचं बनियन महागातलं, मिश्र सुताचं. नानांनी ते दोन बोटांत धरलं. "नायलॉन हाय ह्यात. नायलॉन रंग पीत नाय. म्हनून तर आमचा धंदा गेला." नवीन आणू म्हटलं तर तेही चालेना, कोऱ्या कापडाची खळ रंग घेऊ देत नाही. निव्वळ सुती आणि चांगलं वापरलेलं बनियन पाहिजे, तेही विस्तव उतरायच्या आत. सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझी सगळी बनियनं जोसेफसारखीच, फॅशनची. मी हट्ट करून आणवलेली.

मी जोसेफच्या मामाची स्कूटर घेऊन कोपरखैरण्याला गेलो. रविवार, मार्केट बंद, वडील जेवून आडवे झाले होते. बाहेर दोरीवर त्यांचं बनियन वाळत होतं. बाह्यांचं, जाड सुती, आणि डाव्या खांद्यावर आईने घातलेलं दुहेरी ठिगळ. मी ते दोरीवरून ओढलं आणि कुणाला न सांगता निघालो.

वनिताने ते हातात घेतलं. नाकाशी नेलं. ठिगळावरून अंगठा फिरवला. मासळीवाल्याच्या पोरीला कांद्याचा वास कळणार नाही असं कसं होईल?

"कोनाचं रं?"

"घरात पडलेलं होतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग बनियन पातेल्यात सोडलं आणि काठीने खाली दाबलं. नंबर तिनेच घातले, होडीवर नाव टाकायच्या पांढऱ्या रंगाने, आणि ते इतके कडक झाले की पोरं म्हणाली, पाठीला पाटी बांधल्यासारखं वाटतंय.

बुधवारी पुन्हा नाणं उडालं, पुन्हा आम्ही हरलो. समोरचे बघे तयारच होते. आमच्या पोरांनी आकाशी जर्सी काढल्या, पिशवीतून काढून ती बनियनं घातली. अकरा माणसं एका रंगात, आणि तो रंग मैदानावर कुणी कधी बघितलेला नाही. मग पलीकडून एक जण भानावर येऊन ओरडला, "बनियन!" वनिता जणू त्याचीच वाट बघत होती. ती उठली आणि टाळ्यांच्या तालावर तिने सुरू केलं, "ब-नि-यन! ब-नि-यन!" आम्ही वीस जण तिच्या मागून. पहिला गोल आमचा झाला, बॉल नानांच्या जाळ्यात. शेवटी दोन-एकने हरलो. मी तोंड पाडून बसलो होतो तर ती म्हणाली, "हरलो ते खेलात. रंगात नाय." सामना संपल्यावर समोरचा कॅप्टन जोसेफला विचारायला आला, हे कुठून घेतलं. त्याची नजर खांद्यावर गेली. दुहेरी कापडाने रंग दुप्पट प्यायला होता, ठिगळ जवळजवळ काळं दिसत होतं. "ही डिझाइन आहे?" त्याने विचारलं. जोसेफने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, कॅप्टनची खूण." सगळ्यांना ते आवडलं. वनिता शेजारीच उभी होती.

धुवायला म्हणून तिने सगळी बनियनं नेली आणि आठवड्याने दहा परत आणली. माझं दिलं नाही. म्हणाली, "कोनाचं हाय ते सांग, नि घेऊन जा. चारचौघांत सांगायचं. माझ्या कानात नाय."

मला तिचा राग आला होता, हे इथे लिहायला हवं. तिला काय कळतंय, असं मी स्वतःशी म्हणत राहिलो. खरं तर तिलाच कळत होतं. घरी वडिलांनी एकदाच विचारलं, "ते ठिगळाचं बनियन कुठं गेलं रं?" मी सांगितलं, एका मित्राला गरज होती, दिलं. वडील म्हणाले, "आरं, ठिगळाचं कशाला दिलंस? कपाटात नवं हुतं की. मानसाला देताना नवं द्यावं." त्यांना वाईट वाटलं ते बनियन गेल्याचं नाही, मी जुनं दिल्याचं. वडील गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ते वाक्य गेलेलं नाही.

पुढे वनिताने शिलाई मशीन घेतलं, मग तीन घेतली, मग दुकान. लग्न, मुलगी, नवरा लवकर गेला, यातल्या कशानेही ते मशीन थांबलं नाही. स्कूटीवरून घणसोलीपासून उलव्यापर्यंत जर्सी पोचवायची. तिच्या पांढऱ्या हेल्मेटवर तपकिरी मासा रंगवलेला होता. माझ्याच वहीतला, शेपटी वाकडी काढलेली तीही तशीच. ज्या हेल्मेटावरून तिने माझी एवढी थट्टा केली, ते शेवटी तिनेच घातलं. मी म्हटलं, "मग डोकं आलं वाटतं?" तर म्हणाली, "तुला यायची वाट बघून कंटालले, मीच घेतलं."

आणि दुकानात, मशीनच्या मागे खिळ्यावर, हँगरला ते बनियन. रंगावरून भांडणारी पोरं आली की ती ते काढायची. "तुमचं ते निऑन-फिऑन दोन धुन्यात उतरंल. हा रंग बघा. इतकी वर्सं झाली, हाललाय का?" मी तिथे असलो की हटकून माझ्याकडे वळायची आणि गिऱ्हाइकांसमोर विचारायची, "कोनाचं रं हे, संपत?" मी हसून म्हणायचो, "आहे एकाचं." ती बनियन परत अडकवायची. आमच्यातला हा खेळ लोकांना गंमत वाटायचा. मलाही वाटतो असं मी दाखवायचो. मी बँकेत अधिकारी झालो, खारघरला फ्लॅट घेतला, सोसायटीच्या कमिटीवर गेलो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या दुकानात जाऊन "आहे एकाचं" म्हणून येत राहिलो. शेवटचा गेलो तेव्हा ती बसूनच होती, आवाज बारीक झाला होता. दुकानात कबड्डीवाली पोरं होती. तिने नेहमीसारखं विचारलं. मी नेहमीसारखं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. "लई वेल लावतोस," एवढंच म्हणाली आणि श्रुतीला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं, पुढच्या वेळी.

गेल्या रविवारी मी सारसोळ्याला गेलो. दुकान उघडं होतं. श्रुती मशीनवर बसली होती, आणि समोर कुठल्यातरी कॉलेजची सहा-सात पोरं मोबाइलवर जर्सीची चित्रं दाखवत भांडत होती. एकाला ड्रॅगन पाहिजे होता, एकाला वीज. खिळ्याला हेल्मेट, शेजारी बनियन. श्रुतीने मला बसायला खूण केली, मग मागे हात करून हँगर काढला. "तुमचं निऑन राहू द्या. हा रंग बघा." आईचंच वाक्य, आईच्याच सुरात. मला वाटलं ती पुढचं विचारेल. ती विचारत नव्हती. तिने ते पोरांच्या हातात दिलं आणि मापं लिहायला वही उघडली. विचारणारं माणूस आता उरलंच नव्हतं.

मी उभा राहिलो. "ते बनियन माझ्या वडिलांचं आहे," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा आला असणार, कारण मशीन थांबलं. "ज्ञानू बाळा त्यांचं नाव. वाशीच्या मार्केटला माथाडी होते. मी ते त्यांना न विचारता दोरीवरून आणलं होतं."

श्रुतीने पेन खाली ठेवलं. तिला सगळं माहीत होतं हे तिच्या तोंडावर दिसलं. पोरं गोंधळली. त्यांना जर्सीशी मतलब. त्यातल्या एकाने, वीज मागणाऱ्याने, बनियन उजेडात धरलं आणि विचारलं, "काका, रंग सगळीकडे सारखा आहे, मग हा खांदाच एवढा काळा का?"

"तिथं गोण असायची," मी म्हणालो.